अनवाणी अक्षत

खंडूअण्णा कधी दार वाजवत नसत. पायरीखाली उभे राहून ते आधी घसा खाकरत, मग एका पायाचा तळवा दुसऱ्या पायाच्या घोट्यावर घासून धूळ झाडत, आणि मग आत ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणत, "कोण आहे घरात? अक्षत आलीय." मी आलोय, असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. यायची ती अक्षत. ते स्वतः फक्त तिला उचलून आणणारे, असा त्यांचा हिशेब होता.

एक्याण्णव साली लग्न होऊन मी साताऱ्याहून बंगळूरला आले. सासरची माणसं चिकपेटेच्या मागच्या एका गल्लीत पाच पिढ्या राहत होती. घरात मराठीच बोलत, पण त्या मराठीत कानडी असं मुरलेलं की कुठला शब्द कुणाचा, हे त्यांनाही सांगता येत नसे. स्वल्प हा शब्द मला तोवर स्वल्पविरामापुरताच माहीत. इथे भाजीत मीठ स्वल्प, रिक्षावाल्याला स्वल्प पुढे घे, आणि वाद वाढला की स्वल्प गप्प बस. मी शाळेत गणित शिकवणारी, मला नेमकं ऐकायची सवय. "स्वल्प म्हणजे किती?" असं मी विचारायची आणि सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या.

आमच्या मंडळींची घरं शहरभर पसरलेली. पूर्वी सगळी पेटेतच, म्हणजे जुन्या बाजारपेठेतच, होती म्हणे, मग कुणी इंदिरानगरला बंगला बांधला, कुणी थेट येलहंकाला गेलं. तरी लग्न कुणाकडेही निघालं की आमंत्रण खंडूअण्णांनी करायचं, हा शिरस्ता. छापील पत्रिका त्यांच्या पिशवीत असायच्या, पण ते त्या खिजगणतीत धरत नसत. "पत्रिका काय, पोस्टमन बी आणून टाकतो," ते म्हणायचे. "माणसाला माणसानं बोलवायला पाहिजे." मग पितळी डबी उघडून चिमूटभर पिवळे तांदूळ ते घरातल्या थोरल्या माणसाच्या ओंजळीत ठेवत आणि ठरलेलं वाक्य म्हणत, "कार्य तुमचंच आहे. दोन दिवस आधी यायचं, चार दिवस राहायचं, आणि उभं राहून पार पाडायचं." शेकडो वेळा म्हटलेलं वाक्य, पण ऐकणाऱ्याला वाटे, हे आत्ताच सुचलंय आणि फक्त आपल्यासाठीच.

दिसायला उंच, काटकुळे. साठी उलटलेली. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. उभी हयात एका साडीच्या दुकानात गादीवर बसून साड्या उलगडण्यात गेली होती. त्यामुळे एक सवय जडलेली. समोर कुठलंही कापड आलं की ते दोन बोटांच्या चिमटीत धरून चोळायचे. माझ्या लग्नातली पैठणीही त्यांनी मला आशीर्वाद देता देता चोळून बघितली होती. सासूबाईंनी डोळे वटारले, तर म्हणाले, "पोरगी चांगली आहेच की. पदर बघत होतो."

आणि पायात काही नाही. म्हणजे एरवी चपला असत, पण अक्षतीची डबी पिशवीत पडली की चपला घरीच राहायच्या. हातात अक्षत असताना पायात काही घालायचं नाही, असं त्यांच्या वडलांनी सांगून ठेवलं होतं. वडील हेच काम करायचे. ते पेटेतल्या पेटेत फिरायचे आणि तेव्हा रस्ते मातीचे होते, एवढा फरक मला तेव्हाच सुचायला हवा होता.

अण्णांची दुसरी ख्याती म्हणजे गप्पा. आमच्या गल्लीच्या तोंडापासून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेलं तर पाच मिनिटं. अण्णांना पाऊण तास लागायचा. दहा-बारा दुकानं झाली की "स्वल्प थांबतो, सरी?" म्हणून थांबलेच. सरी म्हणजे ठीक, बरं. आधी भांड्यांचं दुकान. तिथे बाहेर टांगलेली पितळी समई ते खालीवर करून बघत, तिची घडण कशी आहे, वात कुठली चालेल, सगळं विचारत. रोज तीच समई. भांडीवाला हात जोडून म्हणे, "अण्णा, ही तुमचीच आहे, फक्त मी सांभाळतोय." मग फुलवाली अक्का, तिच्या मुलीची परीक्षा. मग बांगड्यांचं दुकान. प्रत्येक थांब्यावर बिडी निघायची. बिडी संपली की म्हणायचे, "चला, पाय मोकळा झाला." आम्ही सगळे हसायचो. गल्लीतली पोरं त्यांना 'रिक्वेस्ट स्टॉप' म्हणायची आणि तेही त्यावर हसायचे.

मीच सगळ्यांत जास्त चिडायची, कारण बायकांना हळदकुंकू लावायला बरोबर एक सुवासीण लागे आणि अण्णांच्या बायकोला, सुभद्राक्काला, दम्यामुळे जिने चढवत नसत. त्यामुळे शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर जायची. एकदा मी रागाने मनातल्या मनात दुकानं मोजली. बारा दुकानं, थांबा. बारा दुकानं, थांबा. गप्पिष्ट माणूस असा मोजून थांबत नाही, एवढं गणित मला यायला हवं होतं. पण मी त्याचा अर्थ एवढाच लावला की म्हातारा हट्टी आहे.

त्यांचं बिंग फुटलं ते इंदिरानगरला. डिसेंबरचे दिवस होते, नात्यातल्या कुणाचं लग्न. दुपारी बसमधून उतरून आम्ही आतल्या रस्त्याने निघालो. मोठमोठी झाडं, लांबच लांब कंपाउंडच्या भिंती, बंद फाटकं. दुकान नाही, फुलवाली नाही, ओळखीचं माणूस नाही. थोडं चालल्यावर अण्णा म्हणाले, "स्वल्प थांबतो."

मी म्हटलं, "अहो, इथे आहे काय थांबायला?"

त्यांनी इकडे तिकडे बघितलं. खरंच काही नव्हतं. त्यांनी भिंतीला हात टेकला आणि एक कण्हेरीची फांदी बाहेर आली होती तिच्याकडे बघत म्हणाले, "बरं फुललंय." कण्हेरीला एक फूल नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं तर कपाळावर घाम, ओठ गच्च मिटलेले. दुसरा हात खाली उजव्या पोटरीवर होता.

"अण्णा, पाय दुखतोय?"

"गोळा येतोय. बिडी ओढली की जातो."

"कधीपासून?"

 बिडी पेटवली, संपवली आणि सवयीने म्हणाले, "चला, पाय मोकळा झाला." मला एकदम त्या बारा दुकानांची आठवण झाली आणि रस्त्यातच रडू यायला लागलं. तो माणूस कधीच गप्पा मारायला थांबत नव्हता. दोन वर्षं तो ती समई बघत नव्हता, पाय दुखायचा थांबण्याची वाट बघत होता. आणि आम्ही हसत होतो.

"घरी सांगू नको," ते म्हणाले. "कळलं तर अक्षत दुसऱ्याच्या हातात देतील. मग मी काय करू सांग. गादी सुटली, दुकान सुटलं. कुणाच्या दारात जायला मला हे एक निमित्त आहे."

मी घरी सांगितलं नाही, पण त्यांना सोडलंही नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई मोठ्या इस्पितळात डॉक्टर होती. जानेवारीत मी अण्णांना तिच्याकडे घेऊन गेले. बाई कानडीत बोलायची, फटाफट, आणि डोळ्यांत बघून. तिने आधी विचारलं, किती चाललं की दुखतं? अण्णा म्हणाले, असंच, स्वल्प. मी म्हटलं, बारा दुकानं. बाईने मान हलवून ते लिहूनही घेतलं. मग तिने दोन्ही पावलं हातात घेतली. उजवं थंड होतं, नडगी चकचकीत झालेली आणि तिच्यावर केस नव्हते. बोटांवर सुई टोचली तर अण्णांना दोनदा कळलं, दोनदा नाही. मग दंडाला बांधतात तो रक्तदाबाचा पट्टा तिने घोट्याच्या वर बांधला आणि पेनासारखं एक यंत्र पावलाला लावलं. डाव्या पायातून हुश्श-हुश्श असा आवाज आला. उजव्यातून फार बारीक, लांबून आल्यासारखा. अण्णा तो आवाज ऐकताना लहान मुलासारखे मान कलती करून बसले होते. मला तो बारीक आवाज सहन होईना.

"पायाकडे रक्त नेणाऱ्या नळ्या आतून अरुंद झाल्यात," बाई म्हणाली. "बसल्यावर पुरतं तेवढं रक्त जातं. चालायला लागलं की जास्त लागतं, ते पोचत नाही, म्हणून गोळा येतो."

अण्णांनी थोडा विचार केला. "म्हणजे आमच्या पेटेसारखं. रस्ता तोच आहे, पण दोन्हीकडची दुकानं पुढं आली."

बाई पहिल्यांदा हसली. "अगदी तसंच. आणि ती दुकानं पुढं आणली कुणी? बिडीने."

"नाही हो. बिडीनं तर बरं वाटतं."

"तुम्ही बिडी ओढायला उभे राहता म्हणून बरं वाटतं. उभं राहिलात की पाय शांत होतो. बिडी न ओढता उभे राहून बघा."

अण्णांचा चेहरा त्या वेळी जो झाला तो मी विसरणार नाही. इतकी वर्षं ज्याला औषध समजून दर थांब्याला एक घेतलं, ते औषध नव्हतंच. त्यांनी कानावरची बिडी काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत कानावर ठेवली.

बाईने मग सगळं सांगितलं. बिडी बंद, आजपासून, एकसुद्धा नाही. एक छोटी गोळी रोज. साखर आणि रक्तदाब तपासत राहायचा. आणि चालायचं. हे ऐकून अण्णा खुर्चीत सावरून बसले. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की परत चालायचं, रोज अर्धा-पाऊण तास. मोठा रस्ता तुंबला की माणसं गल्लीबोळातून वाट काढतात ना, तसं रक्तही काढतं, पण चाललात तर. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? थांबत थांबत जा म्हणतायत. मी काय करत होतो?"

"आणि पावलं," बाई म्हणाली. तिचा आवाज बदलला. "या पायाला पुरतं कळत नाही. शेक द्यायचा नाही, गरम विटेचा नाही, गरम पाण्याचा नाही. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा. रोज संध्याकाळी तळवे बघायचे. फोड, चीर, काहीही दिसलं तर त्याच दिवशी माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी नाही. तुमच्याकडे रक्त कमी आहे, जखम भरायला ते पुरत नाही. पाय जातो तो अशानेच."

अण्णा म्हणाले, "सरी." सुभद्राक्का दर थंडीत विटेचा शेक द्यायची, तो बंद झाला. बाई अक्षतीबद्दल बोलली नाही, कारण तिला ते माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं आणि आम्ही दोघंही बोललो नाही.

त्यानंतरचे तीन महिने मला आजही आनंदाचे वाटतात. अण्णांनी बिडी सोडली. एक न पेटवलेली बिडी मात्र महिनाभर कानावर होती. मी ओरडले तर म्हणाले, "राहू दे, जुनी ओळख आहे. एकदम घराबाहेर कशी काढू?" तोंडात लवंग आली. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आले. धोतराखाली ते बूट बघून गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा अण्णांनी थांबून परेड केल्यासारखा एक पाय आपटला. रोज सकाळी ते चालायला निघत. फेब्रुवारीत एका सकाळी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले, धापा टाकत, आणि म्हणाले, "सातारवाली, समई गेली."

मला कळेना. "चोरीला?"

"मागं गेली! समईपाशी आज थांबलोच नाही. डायरेक्ट फुलवाली!"

भांडीवाल्यालाही ते खटकलं होतं म्हणे. तो संध्याकाळी विचारायला आला, अण्णा रागावलेत का.

एप्रिलच्या सुरुवातीला ते बांगड्यांच्या दुकानापर्यंत न थांबता जाऊ लागले. डॉक्टरबाईने परत पट्टा बांधला आणि म्हणाली, असंच चालू दे, कदाचित काही कापाकापी लागणार नाही. त्या दिवशी बाहेर येऊन अण्णांनी मला कॉफी पाजली आणि दोन दुकानं पुढे जाऊन परत आले, नुसतेच, येऊन दाखवायला.

आणि मग माझ्या नणंदेचं, पद्माचं, लग्न ठरलं. मे महिन्यातला मुहूर्त. अक्षत अर्थातच अण्णांच्या हातची. सासूबाईंनी देवापुढे ताट ठेवलं, डबी भरली, अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी ती डोक्याला लावली, पिशवीत ठेवली आणि दारात बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "अण्णा, बाई काय म्हणाल्या होत्या?"

"अक्षत हातात आहे, पोरी."

"तुमचे वडील चामड्यासाठी म्हणाले असतील. हे तर कॅनव्हास आहे. कापड आहे."

हा मुद्दा त्यांना पटेलसा वाटला. त्यांनी बूट उचलला, वरचं कापड चिमटीत धरलं, चोळलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर आशा दिसली मला. मग त्यांनी बूट उलटा केला, तळव्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "खाली रबर आहे. रबराचं ते काही सांगून गेले नाहीत." आणि बूट भिंतीला लावून ठेवले.

इथे मला खरं लिहायला हवं. मी त्यांना अडवू शकले असते. दारात आडवी उभी राहिले असते, घरात सगळ्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी ऐकलं असतं किंवा अक्षत दुसऱ्याने नेली असती. पण सासूबाई मागे उभ्या होत्या. पहिल्याच कार्यात अक्षतीला सुनेने अपशकुन केला, हे मला ऐकून घ्यायचं नव्हतं. आणि त्याहून खरं म्हणजे, आमच्या घरची अक्षत त्यांच्याच हातून, त्यांच्या त्या वाक्यासकट जावी असं मलाही वाटत होतं. मी बाजूला झाले. पुढे बारा दिवस ते फिरले. पहिले दोन दिवस मी बरोबर होते. मग घरातली कामं वाढली आणि ते म्हणाले, बेडा, नको, तू राहा, हळदकुंकवाला त्या त्या घरच्या बायका आहेत.

शेवटच्या दिवशी ते येलहंकाला गेले. तिथलं एकच घर राहिलं होतं. लोकांनी म्हटलं, अहो तेवढ्या एका घराला पत्रिका टाकून द्या. तर म्हणाले, "येलहंकाचं माणूस आधीच लांब गेलंय, आणखी लांब कशाला करायचं?" दुपारी दीडची वेळ, बस थांब्यापासून घरापर्यंत सावली नसलेला डांबरी रस्ता. ते घर सापडेना म्हणून तो रस्ता ते दोनदा चालले. इतर कुणी असतं तर चटका बसून उड्या मारत कडेच्या मातीत गेलं असतं. अण्णांना उजव्या पायाला काही कळलं नाही. ज्या घरी वीट तापवायची बंद केली होती, त्या घरचा माणूस भर उन्हात तापल्या विटेवरून चालत गेला.

लग्नात मी त्यांना लांबून बघितलं. मंडपाच्या दाराशी गुलाबदाणी घेऊन उभे होते, येणाऱ्या प्रत्येकावर गुलाबपाणी शिंपडत. आणि पायात पांढरे बूट! आतमध्ये सगळे अनवाणी, एकटे अण्णा बुटात. मला इतकं बरं वाटलं. अक्षत संपली आणि लगेच बूट घातले, माझा शब्द ठेवला. त्या गडबडीतही मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "शाबास अण्णा."

ते हसले. "ऐकलं की नाही तुझं?"

बूट त्यांनी तळव्याचा फोड दिसू नये म्हणून घातले होते. त्यांनी तो पाच दिवस आधीच बघितला होता, बाईने सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी तळवे तपासताना. त्याच दिवशी जायला सांगितलं होतं, हेही लक्षात होतं. पण इस्पितळात ठेवून घेतलं तर मंडपाच्या दाराशी कोण उभं राहणार, आणि अक्षत देणारा माणूसच दवाखान्यात गेला असं पद्माच्या सासरी कळलं तर काय वाटेल. म्हणून हळद भरून फडकं बांधलं, वर बूट घातला आणि पोरीचं कार्य उभं राहून पार पाडलं.

पद्माची पाठवणी झाल्यावर चौथ्या दिवशी सुभद्राक्का आमच्या दारात आली.  "बुटाला वास येतोय," एवढंच म्हणाली. मी गेले. अण्णा खाटेवर बसले होते, उजवा पाय खाली लोंबता. वर घेतला की फार दुखतं म्हणाले. फडकं मी सोडलं. तळव्याची कातडी गेलेली आणि पुढची दोन बोटं काळी.

डॉक्टरबाई आमच्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नळ्यांचा फोटो काढायला लावला, मोठ्या सर्जनना बोलावलं. त्यांनी वरची वाट मोकळी करून बघितली. पण खाली विष पसरलं होतं, माणूस वाचवायचा तर पाय ठेवता येणार नव्हता. गुडघ्याखाली कापला. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसले होते. मला एवढंच म्हणायचं होतं की अण्णा, मी त्या दिवशी दारात आडवी व्हायला हवी होती. ते म्हणायच्या आधीच मी रडायला लागले.

अण्णांनी माझ्या पदराचा काठ चिमटीत धरला आणि चोळला. "मैसूरची आहे," म्हणाले. "धुताना सांभाळ." मग म्हणाले, "येलहंकाची माणसं आली होती ना लग्नाला? दोन दिवस आधी आली होती."

त्यानंतर अण्णा दीड-पावणेदोन वर्षं होते. नकली पाय बसवायचं चाललं होतं, पण जखम कधी नीट भरलीच नाही, कुबड्याच राहिल्या. डावा पाय मात्र त्यांनी जिवापाड जपला. रोज संध्याकाळी सुभद्राक्का आरसा धरायची आणि ते तळवा बघायचे. रात्री झोपतानाही एक मोजा. गल्लीत ते भांडीवाल्यापर्यंत जाऊन यायचे, तेवढीच ताकद उरली होती. तिथे थांबले की भांडीवाला स्टूल पुढे करायचा आणि समईबद्दल कुणीच काही बोलायचं नाही. लग्नाच्या पत्रिका तोवर कुरियरने यायला लागल्या होत्या. कुणी मुद्दाम ठरवलं नाही, तसं होत गेलं. अण्णांच्या दारात पडलेली पत्रिका ते उघडून वाचत, घडी घालत आणि कोटाच्या खिशात ठेवून देत.

पंच्याण्णवच्या शेवटी माझ्या धाकट्या दिरांचं लग्न निघालं. या वेळी मी घरात सांगून टाकलं, अक्षत मी नेणार. सासूबाईंनी अण्णांच्याच डबीसाठी मला त्यांच्याकडे पाठवलं. ते सकाळच्या उन्हात घराच्या पायरीवर बसले होते. डबी त्यांनी पुसून तयार ठेवली होती. मी ताटातले तांदूळ भरले. त्यांनी मला घरांचा क्रम सांगितला, कुठून निघायचं, कुठल्या घरी थोरल्या आजींना ऐकू येत नाही, कुठे बस सोडून एक जिना लागतो. सांगता सांगता थांब्यांचीही यादी सांगितली. "तिथं औषधाच्या दुकानाबाहेर बाक आहे. त्याच्या पुढं पिंपळाचा कट्टा." मला थांबायची गरज नव्हती. मी सगळं ऐकून घेतलं.

मग मी डबी डोक्याला लावली, पिशवीत ठेवली, चपला त्यांच्या पायरीपाशी सोडल्या तशाच राहू दिल्या आणि रस्त्यावर पाऊल टाकलं. त्यांनी आयुष्यभर केलं तसंच. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

"थांब," ते म्हणाले.

मी वळले. त्यांनी कुबडी आडवी ठेवली, कठड्याला धरून एक पायरी खाली सरकले, आणखी एक सरकले आणि वाकून माझ्या चपला हाताने ओढून घेतल्या. मी "अण्णा, अहो काय करताय" म्हणेपर्यंत त्यांनी त्या माझ्या बोटांपुढे सरळ करून ठेवल्या होत्या. माझ्या वडलांच्या वयाचा माणूस. मी मागे सरकले.

"घाल."

"अण्णा, अक्षत हातात आहे. तुमचे वडील..."

"ते माझ्या वडलांनी सांगितलं होतं," ते म्हणाले. "आता मी सांगतोय."

मी चपला घातल्या.  त्यांनी हाताने जा अशी खूण केली. मी निघाले, एक दुकान, दोन दुकानं, अशी बारा मोजत भांडीवाल्यापाशी आले तेव्हा पाय आपोआप थांबले. समई तिथेच टांगलेली होती. मी मागे वळून बघितलं. अण्णा तसेच खालच्या पायरीवर बसून होते, कुबडी मांडीवर घेऊन. मी हात हलवला तो त्यांना दिसलाच नाही. ते माझ्या पायांकडे बघत होते.

रोजच्या फिरण्यात त्यांच्याकडे जायला जमलंच नाही, त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. अकराव्या दिवशी मी येलहंकाला त्या शेवटच्या घरी होते. थोरल्या बाईंच्या ओंजळीत अक्षत ठेवून मी अण्णांचं वाक्य म्हणत होते, तेव्हा इकडे गल्लीत त्यांचं हृदय थांबलं होतं. त्या दिवशी ऊन होतं, रस्ता तापला होता, आणि माझ्या पायांना काहीसुद्धा झालं नाही.